फ्रेंच बुलडॉग घरी आणण्याआधी: आधी श्वास ऐका, मग चेहरा बघा

फ्रेंच बुलडॉगचं पिल्लू बघायला गेलेला माणूस बहुतेक वेळा आधी रंग विचारतो, मग किंमत. घोरण्याची चौकशी होते ती पिल्लू घरी आल्यावर. हा क्रम उलटा हवा. या कुत्र्याचं आयुष्य सुखात जाणार की दवाखान्याच्या फेऱ्यांत, हे सगळ्यात जास्त त्याच्या श्वासावर ठरतं. त्याच्याखालोखाल पाठीच्या मणक्यांवर आणि कातडीवर. या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी पिल्लू निवडतानाच ठरून जातात. नंतर कितीही माया केली, कितीही महागडं खाणं दिलं, तरी अरुंद नाकपुड्या आपोआप रुंद होत नाहीत.

कुत्रा कसा असतो, थोडक्यात

उंची खांद्यापाशी साधारण 28 ते 33 सेंटिमीटर आणि वजन 8 ते 14 किलो. आकारानं लहान, पण अंगानं भरीव. वटवाघळासारखे उभे, टोकाला गोलसर कान ही जातीची खूण. स्वभाव माणूसवेडा. भुंकणं कमी, व्यायामाची गरज मध्यम, मुलांशी सहसा गोडीनं वागणारा. जागा थोडी असली तरी चालते, पण माणूस लागतो. दिवसातून आठ-नऊ तास घर रिकामं राहणार असेल, तर हा कुत्रा कुढतो, वस्तू फाडतो, दार खरवडतो. घरी दिवसभर कुणीच नसेल आणि दुपारी येऊन बघणारं माणूसही मिळणार नसेल, तर दुसऱ्या जातीचा नव्हे, एकूणच कुत्रा आणण्याचा विचार पुढे ढकलावा.

सरासरी आयुष्य साधारण दहा वर्षं धरा. त्याच आकाराच्या, लांब नाकाच्या अनेक जाती यापेक्षा जास्त जगतात.

श्वास: सगळा निर्णय इथे अडतो

पिढ्यानपिढ्या चपट्या तोंडाची निवड होत गेली तशी कवटी आखूड झाली, पण आतलं मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. मोठी गादी लहान पेटीत कोंबावी तसं होतं: नाकपुड्या चिंचोळ्या, मऊ टाळू लांब आणि जाड, जीभ तोंडाच्या मानानं मोठी, नाकातल्या नाजूक हाडांच्या वळ्या वाटेतच वाढलेल्या, आणि काही कुत्र्यांत श्वासनलिकाही बारीक. या सगळ्यामुळे होणाऱ्या श्वासाच्या त्रासाला पशुवैद्य ‘बोआस’ म्हणतात.

त्रास वाढत जातो तो एका चक्रामुळे. अरुंद वाटेतून हवा ओढायला जोर लागतो. त्या जोरामुळे घशातल्या मऊ भागांना सूज येते आणि वाट आणखी अरुंद होते. मग आणखी जोर. म्हणूनच आठ आठवड्यांचं पिल्लू अगदी शांत श्वास घेत असलं, तरी पुढच्या दोन-तीन वर्षांत तेच कुत्रं दोन मजले चढताना थांबू शकतं. वजन वाढलं की हे सगळं लवकर होतं, कारण चरबी घशाभोवतीही साठते.

त्रासाच्या खुणा अनेकदा गोड सवयी समजून सोडल्या जातात. हनुवटी उशीवर टेकवून मान वर ठेवून झोपणं. बसल्या बसल्या डुलकी काढणं. तोंडात खेळणं धरूनच झोपणं. व्हिडिओत हे लोभस दिसतं, पण बऱ्याचदा त्यामागे एकच कारण असतं: आडवं होऊन तोंड मिटलं की श्वास कोंडतो, म्हणून कुत्रा तोंड उघडं राहील अशी सोय करतो. झोपेत श्वास थांबून एकदम दचकून उठणं, खाल्लेलं अन्न जोर न लावता तसंच बाहेर येणं, वारंवार फेस ओकणं, हीही त्याच आजाराची लक्षणं असू शकतात. छातीत सतत जोरानं हवा ओढली जाते, त्याचा ताण अन्ननलिका आणि जठरावर पडतो. ‘या जातीत घोरणं नॉर्मलच’ हे वाक्य नेहमी ऐकू येतं. घोरणं सर्रास आढळतं, म्हणून ते निरोगी ठरत नाही.

आई-बापाची तपासणी मागा

केंब्रिज विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी श्वासाची श्रेणी ठरवण्याची एक पद्धत बसवली आहे आणि ती आता अनेक देशांत वापरतात. कुत्रा शांत असताना घशाशी स्टेथोस्कोप लावून ऐकतात, मग त्याला तीन मिनिटं भरभर चालवतात, लगेच पुन्हा ऐकतात. श्रेणी 0 ते 3. शून्य म्हणजे त्रास नाही, 1 म्हणजे आवाज आहे पण व्यायामावर परिणाम नाही, 2 म्हणजे लक्ष ठेवावा लागणारा, उपचाराची गरज पडू शकणारा त्रास, 3 म्हणजे गंभीर. तपासणी वयाच्या एक वर्षानंतर होते आणि प्रजननासाठी वापरल्या जाणाऱ्या कुत्र्याची दर दोन वर्षांनी पुन्हा करायची असते, कारण श्रेणी वयाबरोबर बिघडू शकते.

ब्रीडरकडे दोन्ही पालकांचे हे अहवाल मागा. 0 किंवा 1 असलेलीच जोडी घ्यावी असा आमचा सल्ला. त्यानं खात्री मिळत नाही, शक्यता सुधारते. तुमच्या भागात ही तपासणी होत नसेल, तर निदान आईला स्वतः डोळ्यांसमोर तीन मिनिटं भरभर चालवायला सांगा. दिवसाच्या थंड वेळी जा. चालून आल्यावर खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहूनही घरघर ऐकू येत असेल, किंवा पाच मिनिटांनंतरही श्वास शांत झाला नसेल, तर तिथून परत फिरा. बापाचा फोटो दाखवून भागवणारे पुष्कळ असतात. फोटोला आवाज नसतो, निदान चालतानाचा आणि चालून आल्यानंतरचा व्हिडिओ मागा.

नाक किती आखूड आहे हेही मोजता येतं. नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यांमधल्या खळग्यापर्यंतची लांबी एकीकडे, आणि त्या खळग्यापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंतची लांबी दुसरीकडे. पहिली लांबी दुसरीच्या तीन दशांशाहून (0.3) कमी असलेल्या कुत्र्यांना प्रजननात वापरायला नेदरलँड्समध्ये मनाई आहे. हेच माप आईवर लावून बघा. थोडं लांब नाक असलेली आई मिळाली तर ती उणीव समजू नका.

आणखी हे विचारा:

पाठीच्या मणक्यांचा एक्स-रे काढला आहे का? या जातीत काही मणके अर्धवट वाढलेले, पाचरीच्या आकाराचे असतात. वळलेली आखूड शेपटी ही त्याच प्रकारच्या वाढीची बाहेर दिसणारी बाजू. छातीच्या भागात असे मणके जास्त आणि तिरपे असतील, तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो.

आनुवंशिक मोतीबिंदू, मागच्या पायांची ताकद हळूहळू घालवणारा मज्जारज्जूचा आजार आणि लघवीत युरिक ॲसिड वाढून खडे होण्याचा दोष, यांच्या डीएनए चाचण्या झाल्या आहेत का? गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर त्या होतात, फार अवघड नाहीत. ‘गरजच काय’ असं उत्तर आलं, तर ब्रीडरबद्दल पुरेसं कळलं.

आईची याआधी किती वेळा सिझेरियन झाली? पिल्लांचं डोकं मोठं आणि आईची कंबर अरुंद, त्यामुळे या जातीत दहातली साधारण आठ बाळंतपणं शस्त्रक्रियेनं होतात. दरवर्षी पोट फाडून पिल्लं काढणाऱ्याला पैसे देऊ नयेत, हे आमचं स्पष्ट मत.

रंगाचा सापळा

मान्य रंग म्हणजे ब्रिंडल (गडद पट्ट्यांचा), फॉन (फिकट तपकिरी), क्रीम आणि पांढऱ्यावर ठिपके असलेला पाइड. निळा (म्हणजे निळसर करडा), लायलॅक (फिकट जांभळट करडा), मर्ल (चितकबरा) वगैरे ‘दुर्मीळ’ म्हणून जास्त किमतीला विकले जातात. निळ्या रंगाच्या कुत्र्यांत केस विरळ होऊन कातडी कोरडी, फोडांची होण्याचा आजार उद्भवू शकतो. मर्ल हा रंग या जातीत मुळात नव्हताच, तो दुसऱ्या जातीशी संकर करून आणला गेला. दोन मर्ल पालकांच्या पिल्लांमध्ये बहिरेपण आणि डोळ्यांचे दोष येऊ शकतात. मुख्य अडचण अशी, की रंगासाठी प्रजनन करणारा माणूस श्वासाकडे बघून जोड्या लावत नाही. अंगावर बराच पांढरा असलेल्या पिल्लांची ऐकण्याची क्षमताही तपासावी.

पिल्लू हातात घेतल्यावर

वय किमान आठ आठवडे हवं. आई आणि भावंडं समोर हवीत. रस्त्यात किंवा गाडीत भेटून पिल्लू देणाऱ्याकडून घेऊ नका.

पिल्लाचं तोंड मिटलेलं असताना समोरून बघा. नाकपुड्या उघड्या छिद्रांसारख्या दिसायला हव्यात, नुसत्या उभ्या चिरा दिसत असतील तर त्या अरुंद आहेत. श्वास आत घेताना नाकपुडीची बाजू आत ओढली जाते का, तेही बघा. मग एका नाकपुडीसमोर कापसाचा बारीक तंतू धरा, नंतर दुसरीसमोर. दोन्हीकडे तंतू हलला पाहिजे. त्यानंतर भावंडांबरोबर तीन-चार मिनिटं मनसोक्त खेळू द्या आणि कान देऊन ऐका.

तोंड उघडून टाळूला फट नाही ना, हे बघा. या जातीत दुभंगलेला टाळू आढळतो आणि तशा पिल्लाचं दूध नाकातून येतं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात लाल गोळा दिसला तर ती ‘चेरी आय’, तिला शस्त्रक्रिया लागते. पिल्लू पाठमोरं पळताना बघा: दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम उचलत असेल किंवा पंजा उलटा पडत असेल, तर नको. शेपटी हलकेच उचला. खाली खोल घडी असेल तर तिथे मळ आणि ओल साचते. घडी स्वच्छ करायला बोट जाईल इतकी जागा हवी. पोटाच्या कातडीवर पुरळ, केसांत टकलाचे चट्टे, कानात वास, यांतलं काहीही असलं तर पशुवैद्याचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेवटी, ऐकू येतं का हे बघायला पिल्लाच्या नजरेआड उभं राहून एकदा टाळी वाजवा.

पैसे देण्याआधी करारात एक ओळ लिहून घ्या: घरी नेल्यावर तीन दिवसांत तुमच्या पशुवैद्यानं तपासून गंभीर दोष दाखवला, तर पिल्लू परत आणि रक्कम परत. ब्रीडर यावर घुटमळला तर थांबा.

पिल्लूच हवं असा हट्ट नसेल, तर दोन-तीन वर्षांचं कुत्रं दत्तक घेणं या जातीत खरोखर शहाणपणाचं आहे. तोवर श्वासाची श्रेणी कळते, कातडीचा स्वभाव कळतो, माणसाची सवय कळते. अंदाज बांधावा लागत नाही, प्रत्यक्ष दिसतं.

घर आणि खिसा

उष्णता हा या कुत्र्याचा सगळ्यात मोठा शत्रू. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून जिभेवरून आणि नाकातून ओल उडवतो आणि थंड होतो. अरुंद वाटेतून हवा पुरेशी फिरत नाही, शिवाय धापा टाकण्याच्या श्रमानंच अंग आणखी तापतं. हवा दमट असेल तर ओल उडतही नाही. म्हणून घरात दिवसभर थंड राहणारी एक खोली, पंखा किंवा एसी, आणि फरशीवर पसरायला जागा हवी. तापमान 20 अंशांच्या पुढे गेलं की फिरण्याचा वेळ कमी करा. 25 च्या पुढे फक्त पहाटे किंवा रात्री उशिरा, तेही शी-शू पुरतं. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवा, चटका बसला तर पंजालाही बसेल.

पोहणं जमत नाही असंच धरा. जड डोकं आणि आखूड पायांमुळे तो लवकर बुडतो. टाकी किंवा तळं जवळ असेल तर कुंपण हवं. विमान प्रवासाचं काही नियोजन असेल तर आधीच चौकशी करा, अनेक कंपन्या चपट्या नाकाचे कुत्रे सामानाच्या कप्प्यातून नेत नाहीत.

खर्चाचं बोलायचं तर किंमत ही सुरुवात आहे. श्वासमार्गाची शस्त्रक्रिया, मणक्याची शस्त्रक्रिया, वर्षानुवर्षं चालणारी ॲलर्जीची औषधं, यांचा अंदाज पिल्लू आणण्याआधीच तुमच्या पशुवैद्याकडून घ्या. विमा उतरवायचा असेल तर पिल्लू येताच उतरवा, कारण लक्षणं दिसल्यावर तो आजार बहुधा वगळला जातो. एखादं मोठं ऑपरेशन करण्याइतकी रक्कम बाजूला ठेवणं शक्य नसेल, तर ही जात निवडू नका.

पशुवैद्यही आधीच निवडा. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना भूल द्यायचा अनुभव विचारा. अशा कुत्र्याला भुलीआधी प्राणवायू देतात, श्वासनलिकेतली नळी तो पुरता जागा होईपर्यंत काढत नाहीत, आणि नंतरही बराच वेळ कुणीतरी शेजारी बसून असतं. हे सहज सांगू शकणारा डॉक्टर योग्य.

सामान आणि पहिले आठवडे

गळ्यात पट्टा अडकवून ओढू नका. छातीवर इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा बसणारा हार्नेस घ्या. तो काखेत घासत नाही आणि खाली दोन बोटं सहज जातात, इतका सैल हवा. भांडं उथळ आणि रुंद. सोफ्याला आणि पलंगाला उतरण, कारण या जातीत मणक्यांमधली चकती लवकर कडक होते आणि साधारण तीन ते पाच वर्षांच्या वयात उडीनं किंवा नुसत्या वळण्यानंही सरकू शकते. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी. काखेत धरून लोंबकळत उचलायची सवय मुलांना लागू देऊ नका. पाठ कमानीसारखी झाली, उचलताना किंचाळलं, किंवा मागचा पंजा उलटा घासत चालू लागलं, तर उद्यावर टाकू नका. पिंजऱ्यात किंवा पेटीत हलणार नाही असं ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पहिले दहा दिवस ब्रीडर देत होता तेच खाणं द्या. मग आठवड्याभरात बदला: दोन दिवस पाव भाग नवं, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. चार महिन्यांपर्यंत दिवसाला चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, नंतर दोन. नसबंदी झालेल्या 12 किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 600 ते 700 किलोकॅलरी पुरतात. 100 ग्रॅमला 360 किलोकॅलरी असलेलं कोरडं खाणं असेल तर ते सुमारे 180 ग्रॅम, दोन वेळांत मिळून. वजनकाट्यावर मोजा, वाटीनं नको. वाटी रोज थोडी जास्तच भरली जाते. खाऊ एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत. बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, वरून बघताना कंबर दिसली पाहिजे. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोडवा) असलेले पदार्थ कधीच नाही.

लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटची 16 आठवड्यांच्या आत नको. मधल्या काळात लोकांच्या आवाजांची, गाड्यांची, इतर लस घेतलेल्या शांत कुत्र्यांची ओळख कडेवर घेऊन करून द्या. या जातीचा श्वासाचा आवाज आणि चपटा चेहरा दुसऱ्या कुत्र्यांना गुरगुरण्यासारखा वाटू शकतो, त्यामुळे भेटी सावकाश घडवा. एकटं राहण्याचा सरावही पहिल्याच आठवड्यात सुरू करा: दोन मिनिटं, पाच, पंधरा. निरोपाचा समारंभ करू नका.

चेहऱ्याच्या घड्या आठवड्यातून दोन-तीनदा, दमट हवेत रोज, कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या गॉजनं पुसा आणि लगेच कोरड्या करा. ओलसर राहिली की यीस्ट वाढतं आणि आंबूस वास येतो. शेपटीखालची घडी विसरू नका. कान आठवड्यातून एकदा हुंगून बघा. सतत पंजे चाटणं आणि कान लाल होणं हे बहुतेकदा ॲलर्जीचं पहिलं लक्षण. शॅम्पू दर दोन-तीन दिवसांनी बदलून बघण्याऐवजी कारण शोधा.

उष्माघात झाला तर

सतत, जोरात धाप, जीभ रुंद आणि टोकाशी वळलेली, दाट चिकट लाळ, हिरड्या गडद लाल किंवा निळसर, तोल जाणं. थर्मामीटरवर 41 अंशांच्या आसपास आकडा आला तर जीव धोक्यात आहे. नेहमीचं तापमान 38 ते 39 च्या दरम्यान असतं.

1. हालचाल थांबवा, सावलीत आणा, हार्नेस काढा.
2. कुत्र्याच्या अंगापेक्षा थंड असलेलं कुठलंही पाणी मानेवर, पोटावर, पायांवर सतत ओता. नाकातोंडात जाऊ देऊ नका. नळाचं पाणी चालतं, बर्फाची वाट बघू नका.
3. पंखा लावा किंवा वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरू नका, तो गरम होऊन उष्णता आतच कोंडतो.
4. शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी प्यायला द्या, जबरदस्तीनं घशात ओतू नका.
5. तापमान 39.5 पर्यंत उतरलं की ओतणं थांबवा, नाहीतर अंग गरजेपेक्षा जास्त गार पडतं.
6. आधी थंड करा, मग न्या. गाडीत एसी किंवा खिडक्या उघड्या, आणि वाटेतूनच दवाखान्याला फोन करा. कुत्रं सावरल्यासारखं दिसलं तरी नेलंच पाहिजे, कारण मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याच्या क्रियेतले बिघाड काही तासांनी उघड होतात.

श्वासाची शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती उशिरा करू नये. नाकपुड्या रुंद करणं आणि लांब टाळू आखूड करणं ही नेहमीची कामं. चक्र फार पुढे गेलं, स्वरयंत्राचे भाग आत ओढले जाऊ लागले, की तोच इलाज पूर्वीइतका उपयोगी पडत नाही. म्हणून एक वर्षाच्या तपासणीत श्रेणी करून घ्या, आणि 2 आली तर सर्जनचं मत पुढचा उन्हाळा यायच्या आत घ्या.